वरच्या खोलीतली नायिका

१

वरच्या मजल्यावरच्या कपड्यांच्या खोलीला बाहेरून कडी होती. हरिणीला शोधत आलेल्या प्रणवेशनं ती काढली, दार ढकललं आणि तो उंबऱ्यातच थबकला. आत ट्रंकेला टेकून हरिणी बसली होती. केस विस्कटलेले, चेहरा घामानं डबडबलेला. तिनं तोंड उघडलं, पण आवाज म्हणावा असं काही बाहेर पडलंच नाही.

दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. सहाला खेळ होता, आणि हरिणी त्या खेळाची नायिका होती.

हा खेळ काही रोजचा नव्हता. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्ल्यांत आपली मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. घरात मराठी बोलतात, दाराबाहेर पाऊल टाकलं की तमिळ. त्यांच्या मंडळीचं हे गीतनाटक. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं गायचं. पात्राला पाणी हवं असलं तरी ते रागातच मागायचं. आणि आज तर बेंगळुरूच्या एका संस्थेची दोन माणसं मुद्दाम बघायला आली होती. त्यांच्याकडे दोन वर्षांचं शिक्षण होतं, आपल्या गाण्याचं आणि ऑपेराचंही, आणि वर्षातून चारदा मोठ्या रंगमंचावर उभं राहायची संधी. जागा एकच. वयाची अट तिशीच्या आत.

हरिणी सव्वीस वर्षांची. मंडळीचे गुरू साईरामअण्णा यांनी तिचंच नाव कळवलं होतं.

जिन्याच्या पायथ्याशी उभी असलेली कीर्तना एकोणतीस वर्षं अकरा महिन्यांची होती. पापनाशमच्या शाळेत गणित शिकवायची, संध्याकाळच्या गाडीनं तालमीला यायची. चार वर्षं ती हरिणीची राखीव गायिका होती. हरिणीला कधी ताप आला, पाय मुरगळला, तर हिनं उभं राहायचं. पण हरिणीची प्रकृती अशी ठणठणीत, की चार वर्षांत तिला साधी शिंकसुद्धा आली नाही. राखीव गायिकेला शिकवणीही नसते बरं का. अण्णांचा तास नायिकेचा. राखीवनं बाहेरच्या ओसरीवर बसायचं आणि कानावर पडेल ते उचलायचं.

म्हणून हरिणीचा गळा बसल्याचं ऐकलं आणि कीर्तनाच्या मनात सगळ्यात आधी काय आलं असेल? आज मी गाणार. लाज वाटावी इतका आनंद झाला तिला. तो चेहऱ्यावरून पुसायला तिला जरा वेळ लागला, आणि तेवढ्यात तिनं वळून पाहिलं. जिन्यापाशी जमलेली सगळी माणसं तिच्याचकडे बघत होती.

२

हरिणीला पाणी पाजलं, वारा घातला. बोलता येईना तेव्हा तिनं कागद मागितला आणि लिहिलं. मराठीच, पण तमिळ अक्षरांत. इथल्या बहुतेकांना तशीच वाचता येते. दीडला शालू काढायला मी आत गेले. मागून कडी पडली. दीड तास ओरडले. कोणी आलं नाही. गळा गेला.

कडी आपोआप पडली असेल, असं मृदंगवाले वेंकटराव पुटपुटले. सत्तरीचे गृहस्थ, तिरुवैयारुहून यायचे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्यांचं बोलणं कुणी मनावर घेतलं नाही, कारण प्रणवेशला काही आठवलं होतं. प्रणवेश म्हणजे नाटकातला राजा. पावणेदोनपासून तो जिन्यासमोर रंग लावून घेत बसला होता. त्यानं सांगितलं, तेवढ्या वेळात वर एकच माणूस गेलं. दोन वाजता कीर्तना गेली आणि दहा मिनिटांनी खाली आली.

अण्णांनी विचारलं, कशाला गेली होतीस.

कीर्तना म्हणाली, पिना आणायला.

पिनांचा डबा खालीच, आरशापाशी होता. सगळ्यांना दिसत होता. कीर्तनाच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगावं तर ते त्याहून वाईट होतं. खेळाच्या दिवशी राखीव गायिकेनं नायिकेचं पद तोंडातून काढायचं नाही, असा मंडळीचा जुना दंडक. तिनं ते पद उच्चारलं की नायिकेवर संकट येतं म्हणतात. आणि कीर्तना वर गेली होती ती नेमकी तेच करायला. चार वर्षांत ते पद म्हणायला तिला एकदाही जागा मिळाली नव्हती. वरच्या बोळात आवाज छान घुमतो, म्हणून कपड्यांच्या खोलीच्या दाराला पाठ लावून तिनं ते हळू आवाजात म्हटलं होतं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

म्हणजे ती त्या दारापाशीच होती. आत हरिणी होती, आणि आतून हूं की चूं ऐकू आलं नव्हतं. हे सांगितलं तर दाराशी असल्याची कबुली होते. नाही सांगितलं तर पिनांची थाप गळ्यात पडते. कुठूनही वाट नव्हती.

अण्णांनी घसा खाकरला. ते रागावले की आवाज चढत नसे, उलट उतरायचा. जिनं सहगायिकेला कोंडलं, तिला मी रंगमंचावर पाय ठेवू देणार नाही, असं त्यांनी सांगितलं. खेळ रद्द. बेंगळुरूच्या पाहुण्यांना आत्ताच निरोप धाडायचा.

"जरा थांबा," मागून कुणीतरी म्हणालं.

३

त्या वसुमतीकाकी होत्या. सभागृहाच्या विश्वस्त. तीस वर्षं कोर्टात लघुलेखक म्हणून नोकरी केलेल्या. हजारो साक्षी त्यांच्या बोटांखालून गेल्या होत्या, आणि माणूस कुठल्या वाक्याला गडबडतो हे त्यांना वकिलांच्या आधी कळायचं, असं गल्लीत म्हणत. त्यांनी अण्णांकडे पाच वाजेपर्यंतची मुदत मागितली. अण्णा नाही म्हणू शकले नाहीत. सभागृहाची किल्ली काकींच्या कमरेला होती.

काकींनी आधी प्रणवेशला घेतलं. त्यांनी त्याला गोडीत विचारलं, हरिणी बाजूला झाली तर ती एक जागा कुणाला मिळाली असती रे. प्रणवेश चपापला. तोही अठ्ठावीसचा, त्यानंही पाहुण्यांच्या कानावर आपलं नाव घातलेलं, अण्णांना न सांगता. पण पावणेदोनपासून तो रंगवाल्यासमोर बसून होता, आणि त्याआधी पाहुण्यांबरोबर जेवत होता. फोनवर पाहुणेही तसंच म्हणाले.

मग अण्णा. काकींनी त्यांनाही सोडलं नाही. हरिणी बेंगळुरूला गेली तर मंडळीकडे दुसरी नायिका कोण, असं सरळ विचारलं. अण्णा लालबुंद झाले. नाव मीच कळवलं, मीच तिला कोंडेन का, असं ते म्हणाले. नाव कळवणं वेगळं आणि जाऊ देणं वेगळं, एवढंच काकी बोलल्या. दीडच्या सुमाराला कुठे होतात याचं धड उत्तर अण्णांना देता आलं नाही. डुलकी काढत होतो म्हणाले, मागच्या खोलीत, एकटाच.

शेवटी कीर्तना. तिला रंगपटात बसवलं होतं. खिडकीला गज, दारात दोन बायका उभ्या. कोंडलं नव्हतं म्हणायचं, पण उठून जायची सोय नव्हती. काकी समोर बसल्या आणि पिनांचा डबा त्यांनी दोघींच्या मध्ये ठेवला. मग कीर्तनाच फुटली. पिनांचं खोटं, पदाचं खरं, दाराला पाठ लावून उभी होते ते, सगळं तिनं सांगून टाकलं.

"आतून हाक आली?"

"नाही काकी. देवाशपथ नाही. पण हें मी सांगितलें तर सगळे म्हणतील, हीच खोटें बोलते."

"म्हणू दे. ती दीड तास ओरडली म्हणते. तूं दहा मिनिटं दाराशी. शेजारच्या अम्मन देवीच्या देवळातला भोंगाही दुपारी बंद असतो." काकींनी चष्मा पुसला. "ओरडणारं माणूस नेमकीं तीच दहा मिनिटं गप्प कां बसेल गे?"

उत्तर काकींकडे होतं असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं, पण त्यांनी ते सांगितलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजले होते. जाताना त्या म्हणाल्या, मज अजून एक धागा पाहिजे, नाहीतर हे सगळं तुझ्यावरच येतं.

४

रंगपटाच्या भिंतीपलीकडे वेंकटराव बसले होते. खेळ रद्द होवो न होवो, म्हाताऱ्या वादकाचा हात काही स्वस्थ बसत नाही. दगडानं मृदंगाची कड ठोकत ते सूर लावत होते. एक ठोका, मग बोट, मग पुन्हा ठोका.

कीर्तना डोळे मिटून ऐकत होती. सवय कुठे जाते. त्या बोटाखालून निघालेल्या सुरात तिनं नकळत आपला षड्ज मिसळला. तो बिनचूक बसला.

तिनं डोळे उघडले.

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळी गोम इथे आहे. इथे गळ्याची पट्टी कट्टैनं मोजतात. हरिणीची साडेपाच कट्टै, चढी. कीर्तनाची चार. मृदंग हा एकाच पट्टीचा असतो. ठोकून ठोकून फार तर अर्धी कट्टै वरखाली करता येते. साडेपाचचा मृदंग चारला लागत नाही, डोकं आपटलं तरी लागत नाही. त्याला वेगळाच, मोठ्या अंगाचा मृदंग लागतो. आणि वेंकटरावांना गुडघ्यांमुळे बसमधून दोन मृदंग आणता येत नसत. ज्या दिवशी जी गायिका, त्या दिवशी तिचा मृदंग. चार वर्षांत प्रत्येक खेळाला त्यांनी लहान अंगाचाच आणला होता.

कीर्तना उठली. दारातल्या बायकांना तिनं काय सांगितलं ते तिलाच कळलं नाही, पण त्यांनी वाट दिली. वेंकटरावांच्या पुढ्यात मोठा मृदंग आडवा होता. बाजूला एकच रिकामी पिशवी.

"मामा," ती म्हणाली, "आज तिरुवैयारुहून कितीच्या बसनं आलात?"

"अकराच्या," म्हातारा सहज म्हणाला. मग त्याचा हात दगडासकट हवेत तसाच राहिला. कीर्तनानं मागे वळून पाहिलं तर काकी दारात उभ्या होत्या, आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

५

पाच वाजता काकींनी सगळ्यांना रंगमंचावर बोलावलं. पडदा खाली होता. हरिणी खुर्चीवर, गळ्याला ओला पंचा. काकी उभ्या राहूनच बोलल्या, कोर्टातल्यासारखं, सावकाश.

त्या म्हणाल्या, हरिणीचा गळा गेला हे आपल्याला तीन वाजून दहा मिनिटांनी कळलं. पण वेंकटरावांना ते सकाळी अकराच्या आधीच ठाऊक होतं. नाहीतर त्यांनी घरातून कीर्तनाचा मृदंग का काढला असता? दुसरं, दोन वाजता कीर्तना त्या दाराशी उभी होती आणि आतून हाक आली नाही. म्हणजे ओरडून गळा गेलेला नाही. तो आधीच गेलेला होता. आणि तिसरं, पावणेदोननंतर वर जाणारं एकच माणूस प्रणवेशनं पाहिलं, पण कडी त्याआधीच पडली होती. तेव्हा जिन्यासमोर कुणी नव्हतं.

वेंकटराव उठले. गुडघा धरून उठायला त्यांना वेळ लागला. त्यांनी सांगितलं, कडी मी घातली. मीच एकट्यानं. कीर्तना चार वर्षं ओसरीवर बसलीय, तिचा महिना राहिला, मज बघवेना. हरिणीला ह्यातलं काही ठाऊक नाही. कडी म्हातारी आहे, आपोआप पडली असं सगळे म्हणतील वाटलं. ह्या पोरीवर आळ येईल हें माझ्या डोक्यात आलं नाही. एवढं बोलून त्यांनी हात जोडले.

अण्णांनी त्यांना दोन शब्दांत बाहेर काढलं. त्या शब्दांत चाळीस वर्षांची सोबत गेली. वेंकटराव मृदंगाकडे न बघता पायऱ्यांकडे निघाले.

कीर्तना सुटली होती. तिच्यावरचा आळ गेला, पद तिला पाठ होतं, वय अजून महिनाभर शिल्लक होतं, पाहुणे गल्लीच्या टोकाला आलेसुद्धा होते. आणि मृदंग वाजवायला माणूस नव्हता. त्या तालावरचं नाटक दुसऱ्या कुणाला तासाभरात येणं शक्य नव्हतं. एका दारातून बाहेर पडावं तर पुढे भिंत. रडायलासुद्धा तिला धीर झाला नाही.

तिला ठाऊक होतं की म्हातारा अर्धंच खरं बोलला. गळा आधीच गेला होता हे काकींनी सांगितलं, त्याचं काय? ते त्यानं गिळून टाकलं होतं. कीर्तनानं हरिणीकडे पाहिलं. बोल म्हणावं, तर ती पोर उघडी पडते. गप्प राहावं, तर म्हातारा जातो आणि आपणही जातो. कीर्तना गप्प राहिली. चांगुलपणानं नाही, तिचे ओठच हलेनात.

हरिणी उठली. पंचा काढून तिनं खुर्चीवर टाकला आणि कुणी काही विचारायच्या आत गायला लागली. पहिल्या अंकातलं पद, तिचं नाव झालं तेच. पहिली ओळ खरखरत आली. दुसरीत सूर वर चढतो, तिथे ती चढली, आणि तिथे काहीच नव्हतं. हवा, आणि मधेच फाटलेला एक तुकडा. तरी ती थांबली नाही. पुन्हा तीच जागा, पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा अण्णांनीच तोंड फिरवलं.

"मे महिन्यापासून असंच आहे," ती घोगऱ्या कुजबुजीत म्हणाली. "गळ्यांत गाठी आहेत. तालमींत वरच्या जागा गुणगुणून निभावल्या. डॉक्टर म्हणाला सहा महिने बोलूं नको. अण्णांस सांगितलं, तर म्हणाले एवढी एक संध्याकाळ रेटून ने. घरीं सांगितलं, तर तेंच. पाहुण्यांसमोर फाटला असता तर तंजावुरांत मज पुन्हा कोण बोलावणार? मामांकडे मीच रडलें. कडी घाला म्हणून मींच सांगितलं."

मग ती कीर्तनाकडे वळली.

"अक्का, दोन वाजतां तूं दाराशी गायलीस. मी आंतून सगळं ऐकलं. हाक मारतां आली असती. पण तूं गात होतीस, म्हणून बसून राहिलें. आणि खालीं तुझ्यावर आळ आला तेव्हां पण बसून राहिलें. तें मात्र मी वाईट केलं."

कीर्तनाला राग आला, खूप आला, आणि त्याच वेळी तिच्या काळजात चर्र झालं. दोन्ही एकदम होतं कधीकधी.

काकींनी कमरेची किल्ली काढून अण्णांसमोर धरली. वेंकटराव वाजवणार असतील तर पडदा उघडतो, नाहीतर मी कुलूप घालतें, म्हणाल्या. अण्णा पायऱ्यांपाशी गेले आणि वेंकटरावांची पिशवी त्यांनी स्वतः उचलून आत आणली.

६

सहाचा खेळ सहा वीसला सुरू झाला. शालू कीर्तनाला आखूड पडत होता आणि पहिल्या प्रवेशात ती दोनदा चुकीच्या बाजूनं आली. लोक हसलेसुद्धा. पण ती गायला लागली की हसणं थांबायचं. खालच्या पट्टीतला तो भरीव आवाज त्या सभागृहानं कधी ऐकलाच नव्हता. विंगेत हरिणी उभी होती. एका कठीण जागेआधी तिनं दोन बोटं छातीला लावून दाखवलं, श्वास इथे घे. कीर्तनानं घेतला, आणि ती जागा पार पडली.

खेळ संपल्यावर पाहुण्यांपैकी एक बाई रंगपटात आल्या. फार कौतुक केलं नाही त्यांनी, तशातल्या त्या नव्हत्या. वय विचारलं, शाळेची नोकरी सोडता येईल का विचारलं, आणि अर्ज पुढे ठेवला. जागा तुमची, म्हणाल्या. उद्या सकाळी आम्ही निघतो, त्याआधी भरून द्या.

कीर्तनानं तो उभ्या उभ्याच भरला. शेवटच्या ओळीपाशी ती थांबली. तिथे गुरूचं नाव आणि सही हवी होती. ज्याच्याकडे शिकलात त्यानं सोडल्याखेरीज संस्था घेत नाही.

खोलीत सगळे होते. अण्णांनी खिशातलं पेन काढलं आणि हात पुढे केला. सवयीनंच केला असेल. चाळीस वर्षांत इथल्या प्रत्येक अर्जावर त्यांचीच सही झाली होती. ह्या माणसानं चार वर्षांत आपल्याला एक ओळही समोर बसवून शिकवली नाही, हे कीर्तनाला आठवायची गरज नव्हती. आणि त्यांनी सही दिली नाही तर पुढे काय, हेही तिला कळत होतं.

तिनं अर्ज त्यांच्या हाताशेजारून पुढे नेला आणि हरिणीला दिला.

"मी जें शिकलें तें दाराबाहेरून, हिच्या गळ्यातून शिकलें," ती त्या बाईंना म्हणाली. "अजून कुणाचं नाव घातलं तर खोटं होईल."

बाईंनी हरिणीला निरखून पाहिलं. ह्या तर तुमच्याहून लहान दिसतात, म्हणाल्या.

"होय," कीर्तना म्हणाली. "तीन वर्षांनीं."

अण्णांचा हात खाली गेला. हरिणीनं त्या ओळीवर तमिळ अक्षरांत सही केली, दोनदा चुकली, खोडली, पुन्हा केली. तिनं मान वर केली तेव्हा कीर्तना सगळ्यांच्या देखत वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवत होती.